सातव्या वर्षाची मेणबत्ती

हे मी कुणाला घाबरवायला लिहीत नाही.

माझं वय त्रेसष्ट. पोटापुरती भातशेती आहे. खोटं सांगून मला काही मिळायचं नाही. आणि हे काही काळोखात, एकटा असताना घडलेलं नाही. भर सकाळी घडलंय. उन्हात. शंभर माणसांच्या मध्ये...

तारीख २४ जून, गेल्या वर्षीची. संत योहान बाप्तिस्ताचा जन्मदिवस. गाव लुंबांगन, फिलिपिन्समधलं, कबानातुआन शहरापासून जीपनं पाऊण तास.

माझं नाव गौदेन्सियो, गावात देन्सियो म्हणतात. माझी बायको पुरिंग त्या वर्षी फेब्रुवारीत वारली.

आमच्याकडे या सणाला नवसाची माणसं पहाटे भाताच्या खाचरात उतरतात. डोक्यापासून पायापर्यंत चिखल लावतात. वरून सुक्या केळीच्या पानांचा झगा घालतात. तोंडसुद्धा झाकलेलं. मग अनवाणी, न बोलता, दारोदार मेणबत्ती मागायची. विकत घेतलेली चालत नाही. दुसऱ्याच्या हातानं मिळालेलीच हवी. ती चर्चच्या अंगणात लावायची आणि ज्याचा नवस असेल त्याचं नाव घ्यायचं. हे सगळं दुपारी बाराच्या घंटेआधी. मग ओढ्यावर अंघोळ करायची आणि अंगावरची पानं ओढ्यात सोडून द्यायची.

दर वर्षी नवीन पानं. लहान पोरालाही हा नियम माहीत आहे.

मलाही माहीत होता.

सात वर्षांपूर्वी माझी किडनी गेली होती. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. पुरिंगनं मला ट्रायसिकलमध्ये, आमच्याकडच्या रिक्षात, आडवं घालून घरी आणलं आणि त्याच संध्याकाळी नवस बोलली. माणूस वाचला तर सात वर्षं चिखलात चालेन.

मी वाचलो. कसा, ते डॉक्टरांनाही सांगता आलं नाही.

ती सहा वर्षं चालली. सहाव्या वर्षी अंगात ताप होता. मेणबत्ती लावून ती कशीबशी घरी आली आणि अंगणातच कोसळली. मी तिच्या अंगावरची पानं सोडवली, तिला पुसून घेतलं. पानं ओढ्यात सोडायची राहिली. चुलीमागच्या खुंटीला तशीच टांगलेली राहिली.

त्यानंतर ती पूर्ण बरी झालीच नाही.

म्हणजे एक वर्ष बाकी होतं. नवस अर्धा ठेवून गेलेलं माणूस अडकून राहतं, असं आमच्याकडे मानतात. घरातल्या कुणीतरी तिच्या नावानं तो पुरा करायचा, म्हणजे ते माणूस सुटतं. आम्हाला मूलबाळ नाही. मग मीच उरलो.

मला बाकी काही नको होतं. ती सुटावी, एवढंच.

आदल्या संध्याकाळी तिची धाकटी बहीण लुदी घरी आली. हातात सुमानची, केळीच्या पानात शिजवलेल्या चिकट भाताची, पुडकी होती.

"दाजी, तुमची पानं विणून ठेवलीत. पोटाचा अंदाज घेऊन दोन पेंढ्या जास्त लावल्यात."

"नकोत. माझ्याकडे आहेत."

"कुठली?"

"पुरिंगची."

लुदीनं हातातलं पुडकं खाली ठेवलं.

"चुलीमागची? अहो, ती गेल्या वर्षीची आहेत. टाका ती ओढ्यात."

"त्यातल्या गाठी तिनं मारल्यात, लुदी."

"गाठी म्हणे! ताई असती ना, तर झाडूनं बदडलं असतं तुम्हाला."

"ती असती तर तीच चालली असती की."

लुदी डोळे पुसत उठली. दारातून म्हणाली, "सकाळी माझ्या फाटकाशी या मग. पहिली मेणबत्ती मी देईन. तुमचे ते फावड्यासारखे पाय चिखलातही ओळखेन मी."

पहाटे मी खाचरात उतरलो. चिखल लावला. पानं अंगावर घेतली आणि हात थांबला...

पानं आतून ओली होती.

वर्षभर चुलीमागे धुरात टांगलेली पानं. वरून कडकडीत. आतून ओली आणि गार.

मला वाटलं, दव असेल. घरात कुठलं दव, हे तेव्हा सुचलं नाही.

दुसरी गोष्ट. पुरिंग माझ्या खांद्याला लागायची. तिचा झगा मला गुडघ्यापर्यंतसुद्धा यायला नको होता.

तो मला बरोबर बसला. घोट्यापर्यंत.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. पानांना तिचा वास होता. धुराचा आणि खोबरेल तेलाचा. चार महिन्यांनी तो वास आला. मी तिथेच चिखलात उभा राहून रडलो.

उजाडलं तशी माणसं निघाली. सगळी मातकट, सगळी सारखी. मीही त्यांच्यात मिसळलो.

पहिलं घर इस्कोचं, बेकरीवाल्याचं. तो दारात खोका घेऊन बसला होता. माझ्या पुढच्या तिघांना त्यानं मेणबत्त्या दिल्या. मी हात पुढे केला.

त्यानं खोक्यावर झाकण ठेवलं आणि चहाचा कप उचलला.

संपल्या असतील, असं मला वाटलं. मी पुढे गेलो. पाठीमागून दोघं आली. मी वळून पाहिलं. इस्को झाकण उघडून त्यांना देत होता...

दुसरं घर. हात पुढे केला. बाई माझ्या हातावरून पलीकडच्या माणसाशी बोलत राहिली.

तिसरं घर. तिथला कुत्रा सगळ्यांवर भुंकत होता. साखळी तोडायला आला होता. मी समोर आलो...

तो गप्प झाला. शेपूट पायात घालून खांबांवरच्या घराखाली गेला.

लुदीच्या फाटकाशी आलो तेव्हा ऊन वर आलं होतं. ती टोपलीत मेणबत्त्या घेऊन उभी होती. शेजारी तिचा नवरा, आन्सेल्मो. मी अगदी समोर उभा राहिलो. हाताच्या अंतरावर.

"अहो," ती नवऱ्याला म्हणाली, "दाजी अजून आले नाहीत का?"

"झोपले असतील. वय झालं त्यांचं."

"ते नाही झोपायचे. ताईचं काम आहे."

मी नियम मोडला. बोललो. "लुदी, मी इथे आहे."

आवाज पानांच्या बाहेर गेलाच नाही. माझ्याच कानात परत आला. विहिरीत डोकं घालून बोलावं तसा.

ओरडलो. तेच.

मी तिचा हात धरायला गेलो. माझा हात तिथे पोहोचला आणि त्याच वेळी ती खाली वाकली, टोपली सारली, मागे सरली. पुन्हा धरायला गेलो. ती पुन्हा सरली. सहज. आपण डास आल्यावर हात हलवतो तसं.

पाच वेळा केलं. पाचही वेळा ती वेळेवर सरली...

मग मला भीती वाटली.

पानं काढायला गेलो. गाठ सापडेना. पुढे नाही, मागे नाही, खांद्यावर नाही. बोटं फिरवत राहिलो. नुसती पानं. एकातून दुसरं पान निघत होतं, त्यातून तिसरं.

शाळेजवळच्या हातपंपाखाली जाऊन बसलो. दोन पोरी पाणी भरत होत्या. पाणी माझ्या डोक्यावरून वाहत होतं. खाली पडणारं पाणी स्वच्छ होतं.

चिखल हलला नाही.

बाकी सगळ्यांचा चिखल एव्हाना वाळून पांढरा पडला होता. माझा ओलाच होता. वर गार. आणि जड होत चालला होता.

चर्चकडे गेलो. निदान फादरना तरी दिसेन, असं वाटलं. मिस्सा संपली होती. अंगणात मेणबत्त्या जळत होत्या. फाटकात गर्दी होती. मी आत शिरलो की गर्दीतला कुणीतरी वळायचा, कुणाचं तरी कोपर लागायचं, एखादी म्हातारी आडवी यायची. मुद्दाम कुणी काही करत नव्हतं. पण दर वेळी मी फाटकाबाहेर असायचो.

आणि बाहेर, कुंपणाच्या सावलीत...

ते उभे होते.

नऊ-दहा जण असतील. मोजायचं धाडस झालं नाही. चिखल आणि पानं, आमच्यासारखीच. पण पानं काळी पडलेली. काहींवर बुरशी. एकाच्या खांद्यावर शेवाळ होतं. हात रिकामे.

सकाळपासून ते आमच्या मागेच असणार. प्रत्येक दाराशी. प्रत्येक सणाला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि काय केलं, सांगू?

ते थोडे थोडे सरकले. बाकावर माणूस आलं की आपण सरकतो ना, तसे.

माझ्यासाठी जागा झाली...

माझे पाय तिकडे वळत होते. मी वळवत नव्हतो. मी कुंपणाची तार धरून ठेवली. तळहात फाटला, रक्त आलं. त्या दिवशी माझं म्हणून काही होतं, तर ते रक्त होतं.

तेवढ्यात ती दिसली.

रांगेत सगळ्यांच्या अंगावर पानं होती. एकीच्याच अंगावर नव्हती. तिच्या अंगावर नुसता चिखल होता आणि त्याखाली निळा झगा. तो मी फेब्रुवारीत माझ्या हातानं तिला घातला होता. त्याचं शेवटचं बटण लावायचं राहून गेलं होतं.

तिची पानं मी घातली होती...

डावा हात कमरेवर ठेवून ती उभी होती. भात शिजायची वाट बघताना उभी राहायची, तशी.

"पुरिंग," मी म्हणालो.

हा आवाज बाहेर गेला. इतका वेळ जो कुणालाच ऐकू येत नव्हता, तो. तिनं मान वळवली. चेहऱ्यावर चिखल होता, डोळे तेवढे मोकळे. रागावलेली नव्हती. थकलेली होती.

मग ती चालायला लागली. तिच्यामागे सगळे. मीही. गल्लीच्या टोकाला एकच घर राहिलं होतं. सेबियाआजीचं. म्हातारी एक्याण्णव वर्षांची. दोन वर्षं खिडकीशी टेकलेल्या खाटेवर पडून असते. तिच्याकडे हल्ली कुणी मागायला जात नाही. तिला त्रास कशाला, म्हणून.

आम्ही खिडकीखाली उभे राहिलो.

"आलात?" आतून आवाज आला. "यंदा बरेच जण आहात रे."

मी गजाला चिकटलो. तिला आम्ही दिसत होतो!

"आजी! मी देन्सियो! आजी, मला काढा यातून!"

"ओरडू नकोस, बहिरी नाहीये मी. सून बघा कशी, सगळ्या मेणबत्त्या पोराला देऊन टाकल्या. उशीखाली एक ठेवली होती मी..." ती उशीखाली चाचपडत होती. "एकच आहे. काय करायचं ते तुमचं तुम्ही ठरवा."

चर्चची घंटा वाजायच्या आधी तिचं चाक बराच वेळ कुरकुरतं. ते कुरकुरताना ऐकू आलं.

बारा वाजत आले होते.

म्हातारीचा सुरकुतलेला हात गजांतून बाहेर आला. बोटांत बुटकी पिवळी मेणबत्ती. खिडकीशी सगळ्यांत पुढे पुरिंग होती. तिनं हात पुढे केलेला होता.

यापुढचं मला नीट आठवत नाही, असं मी सगळ्यांना सांगतो.

मेणबत्ती माझ्या हातात होती आणि मी पळत होतो.

चर्चच्या फाटकातली गर्दी बाजूला झाली. कुणीतरी म्हणालं, "वाट द्या, वाट द्या, एकजण राहिलाय." मी दुसऱ्याच्या ज्योतीवर मेणबत्ती धरली. वात लागेना. हात ओला होता. आणि मी मोठ्यानं म्हणालो,

"मला सोडव!"

वात लागली.

घंटा झाली.

चिखलाला तडे गेले. एका क्षणात सगळा वाळला आणि कपच्या होऊन पायाशी पडला. पानं खडखडीत सुकी. झगा गुडघ्याच्याही वर आला होता, दंडात रुतत होता. लहान बाईचा झगा.

"दाजी!" लुदी धावत आली. "कुठे होतात सकाळपासून? मी घरी दोन चकरा मारल्या! हाताला काय झालं? रक्त बघा केवढं!"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडलो. तिला वाटलं, ताईच्या आठवणीनं.

तिनंच मला ओढ्यावर नेलं. गाठी समोरच होत्या, छातीवर. तीन गाठी. तिनं एकेक सोडली. पानं पाण्यात वाहून गेली.

"झालं बघा," लुदी म्हणाली. "सात वर्षं पुरी. ताई सुटली."

मी मान हलवली. घरी आलो, सणाच्या शेवयांचं पान्सित खाल्लं, चक्क दोनदा वाढून घेतलं. झोपलो.

दुसऱ्या दिवशी दाढी करताना आठवलं.

ज्याचा नवस त्याचं नाव घ्यायचं असतं. मी पुरिंगचं नाव घेतलंच नव्हतं.

आठवड्यानं सेबियाआजीकडे गेलो. सून अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी खाटेशी बसलो.

"आजी, त्या दिवशी खिडकीशी कोण कोण होतं?"

"तुला माहीत नाही? होतास की तू."

"मेणबत्ती तुम्ही कुणाला दिली?"

म्हातारीनं मान माझ्याकडे वळवली. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. दुसरा लख्ख आहे.

"तिला दिली. पुढे तीच होती."

"मग माझ्याकडे कशी आली?"

"तिनं तुला दिली."

"तुम्ही पाहिलंत?"

"पाहिलं ना. बायको आहे तुझी. देणारच." मग तिनं तोंड भिंतीकडे वळवलं. "जा आता. मला झोपू दे. त्या सुनेला सांग, लापशीत मीठ नसतं."

गावात मी हेच सांगतो. तिनं मला दिली. लुदीला सांगितलं, फादरना सांगितलं. फादर म्हणाले, उपवास आणि ऊन, देन्सियो, डोक्यावर परिणाम होतो. लुदी रडली आणि म्हणाली, ताई तशीच होती.

इथे मात्र खरं लिहितो. इथे मला कुणी ओळखत नाही.

म्हातारीला काय दिसलं ते म्हातारीला ठाऊक. माझ्या हाताला वेगळं आठवतं. मेणबत्तीभोवती गार बोटं होती. मिटलेली. मी ती उघडली. आधी करंगळी, मग बाकीची. चारही. तिनं जोर लावला नाही. पण सोडलीही नाही.

यंदा मी चालणार होतो. लुदीनं नवी पानं विणून दिली होती. पण नव्या पानांत ती दिसणार नाही आणि जुनी पानं ओढ्यात गेली. मग विचार केला, ती दारोदार येतेच आहे. आपणच दारात उभं राहावं.

२४ जूनला उजाडल्यापासून मी फाटकाशी उभा राहिलो. नवसाची माणसं आली, त्यांना डाव्या हातानं देत राहिलो. उजव्या हातात एक वेगळी धरली होती. पुढे करून. ती कुणाला दिली नाही.

"दाजी, हात गळून पडेल," लुदी जाता जाता म्हणाली. "कुणासाठी ठेवलीय ती?"

"येईल कुणीतरी."

अकरा वाजता रस्ता रिकामा झाला. सगळी माणसं चर्चकडे गेली. शेजारचा कुत्रा उठला आणि घराखाली गेला.

मी हात तसाच ठेवला. डोळे मिटले.

"पुरिंग," म्हणालो, "घे. तुझीच आहे."

बराच वेळ काही नाही. नुसतं ऊन...

मग गारवा आला. धुराचा वास आला. आणि मेणबत्तीला पलीकडून ताण बसला. अगदी हलका. मूल आईचा पदर ओढतं तेवढा.

मी त्याचीच वाट बघत होतो. वर्षभर दुसरं काही मागितलं नव्हतं.

आणि माझी मूठ आवळली गेली.

भीतीनं आवळली. दुसरं कारण नाही. मी तिला म्हणत होतो, घे, घे. आणि बोटं उघडत नव्हती. माझीच बोटं.

ताण दोनदा बसला. तिसऱ्यांदा बसला नाही.

मग बाराची घंटा झाली.